सम चुकते की चुकवते

माइकचं बटण दाबण्याआधी ते डोळे मिटून घशातल्या घशात एकदा ‘सा’ लावायचे. तो नीट लागला की मगच बटण खाली जायचं आणि मंगरूळपीरच्या बसस्थानकावरच्या सगळ्या गलक्यावरून त्यांचा आवाज तरंगत यायचा. “वाशिम, मालेगावमार्गे शिरपूर जैनला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.” शिरपूरमधला ‘पू’ जरासा लांबायचा आणि ‘लागत आहे’ला आवाज पायऱ्या उतरावा तसा खाली यायचा.

“मास्तर, गाडीच तर पुकारायची आहे,” मी एकदा म्हणालो. “मैफल थोडीच आहे?”

“सुरात सांगतलं का मानूस घाबरत नाई, भाऊ. बेसूर वरडलं का धावते. धावलं का पडते.”

ते वाहतूक नियंत्रक होते आणि मी शेजारच्या खिडकीत शाळा-कॉलेजच्या पोरांचे पास काढून द्यायचो. दोघांच्या मधे एक लाकडी फळी, आणि फळीला एक फट. त्या फटीतून आमची पंधराएक वर्षं मैत्री चालली. रविवारी ते घरी पेटी शिकवायचे, म्हणून सगळं आगार त्यांना मास्तर म्हणायचं. शास्त्रीय गायनाच्या परीक्षा त्यांनी नोकरी करता करता दिल्या होत्या. विशारद झाल्यावर त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले होते, आणि ते प्रमाणपत्र घरात कुणाच्याही फोटोपेक्षा वर टांगलं होतं. त्या उंचीमागची गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली.

आमच्या आगारात वैशाली नावाची नवी कंडक्टर आली आणि मास्तरांची शांतता गेली.

वैशाली शिरपूरकडची. पंचविशीतली, बारीक अंगाची, पण गर्दीत “पुढं सरका वो” म्हणाली की गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत माणसं हलायची. ड्युटी सुटली की ती विश्रांतीकक्षाच्या ओट्यावर बसून मोबाइलवर एक ठेका लावायची आणि त्यावर भराभरा बोलायची. नुसतं बोलणं नव्हतं ते. शब्द एकमेकांच्या अंगावर आदळत यायचे आणि ओळीच्या टोकाला यमक फटकन वाजायचं.

पहिल्यांदा हे मास्तरांच्या कानावर पडलं तेव्हा ते डबा खात होते. उठून ओट्यापाशी गेले. मीही गेलो.

“काय करून राह्यली वं हे?”

“रॅप आहे, मास्तर. हिपहॉप.”

“गानं हाये का हे?”

“गानंच हाये.”

मास्तरांनी मान हलवली. “यात सूर कुठं हाये? हे गानं नाई, बाई. हा आरडाओरडा हाये.”

वैशालीने ठेका बंद केला. मास्तर परत आले, डब्यासमोर बसले आणि डबा तसाच झाकून ठेवला. त्या दुपारी त्यांनी गाड्या पुकारल्या त्या ‘सा’ न लावताच. मला वाटलं, पोरीने डोकं फिरवलं यांचं.

दुसऱ्या दिवशी फटीतून त्यांचा आवाज आला. “भाऊ, काल माह्या तोंडातून एक शब्द गेला. तो माहा नव्हता.”

मग त्यांनी वडिलांबद्दल सांगितलं. वडील गायनपार्टीत गायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला गावोगाव जायचे, बैलगाडीतून, कधी पायी. ढोलकी नसली तर पालथ्या घागरीवर ठेका धरायचे. एका मोठ्या कार्यक्रमात त्यांना गायला बोलावलं होतं. गाणं रंगात आलं असताना पुढे बसलेले एक विद्वान गृहस्थ उठले आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, याला गाणं म्हणत नाहीत, याला आरडाओरडा म्हणतात. शेजाऱ्याला ऐकू गेलं ते स्टेजवरही ऐकू गेलं.

“बापानं गानं पुरं केलं,” मास्तर म्हणाले. “पन घरी येऊन मले मने, तू पेटी शिक. राग शिक. कोनाची बोलाची हिंमत नाई झाली पायजे. म्हनून शिकलो म्या. अन् शिकून काय केलं, त तोच शब्द उचलून त्या पोरीच्या तोंडावर मारला.”

यानंतर एखाद्याने काय केलं असतं? माफी मागितली असती, ‘छान गातेस’ म्हणून पाठ थोपटली असती आणि विषय संपवला असता. मास्तरांनी माफी मागितली. पण छान म्हणाले नाहीत. ते ओट्यावर वैशालीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मले कळत नाई हे. सांग मले.”

तिथून पुढे कित्येक महिने आमच्या आगारात जी चौकशी चालली, तशी एखाद्या अपघाताचीही चालली नसेल.

पहिली शंका गर्वाची. वैशालीने मोबाइलवर तिच्या आवडीचे चार-पाच रॅपवाले ऐकवले. मास्तर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. “हा मानूस सोताचाच पोवाडा गाऊन राह्यला! मी असा, मी तसा, माह्यासारखा कोनी नाई. पोवाडा दुसऱ्याचा गावा मानसानं.”

“दुसरं कोनी गात नाई ना मास्तर त्याहीचा,” वैशाली म्हणाली.

मास्तर जरा वेळाने मला म्हणाले, “उत्तर बराबर हाये तिचं.”

दुसरी शंका शिव्यांची. “शिव्या कायले पायजेत?” वैशाली म्हणाली, “तुमच्या जुन्या लावण्याइत काय सारं सोवळंच असते काय?” मास्तर खाकरले. म्हणाले, “शिकोतानी ते कडवं गाळतो मी.” आमचा एक ड्रायव्हर तिथेच चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

मग हे मुळात आलं कुठून, हे त्यांना हवं होतं. वैशालीला ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं. अमेरिकेतली काळ्या लोकांची वस्ती. गरिबी. वाजवायला वाद्यं कुणाकडे नव्हती, म्हणून जुन्या तबकड्याच मागेपुढे फिरवून त्यातून ठेका काढला आणि त्यावर आपलं म्हणणं म्हटलं.

“मंजे घागर पालथी केली,” मास्तर म्हणाले.

वैशालीला घागरीचं काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मास्तरांनी तो विषय पुढे नेला नाही, पण त्या दिवशी ते बराच वेळ ओट्यावर बोटांनी वाजवत बसले होते.

सगळ्यांत मोठी शंका तालाची. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा कितीही हिंडून आला तरी तिथे तबल्याला येऊन भेटतो, आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. वैशाली समेवर यायची नाही. कधी जरा आधी यायची, कधी जरा नंतर. मास्तरांना याने झोप येईना. भजनी मंडळातल्या तबलजीला त्यांनी भर रस्त्यात गाठून विचारलं, “हे पोरगी सम चुकते का चुकवते?” चुकते म्हणजे तिला ताल नाही. चुकवते म्हणजे ताल तिच्या मुठीत आहे.

तबलजी म्हणाला, “मास्तर, मले भाजी घ्याची हाये.”

शेवटी मास्तर स्वतःच ओट्यावर ताल धरून बसले. “म्हन.” वैशालीने म्हटलं. “थांब. पुन्हा म्हन.” तिने पुन्हा म्हटलं. “आता हळू म्हन.” तिने हळू म्हटलं. ते डोळे मिटून मात्रा मोजत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून, एखाद्या चोराला पकडावं तशा आनंदाने म्हणाले, “चुकवते! दर खेपेले त्याच जागी चुकवते!”

“मंग आता मानता का गानं?” वैशालीने विचारलं.

“ताल हाये. गान्याचं अजून ठरलं नाई.”

“कदी ठरन?”

“ऐकू त दे.”

एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आमच्याकडे खुली गायन स्पर्धा होते. मास्तर तिथे दरवर्षी परीक्षक. त्यांच्या बरोबर एक निवृत्त संगीत शिक्षक आणि एक भजनी मंडळाचे प्रमुख. त्या वर्षी वैशालीने नाव दिलं. मास्तरांना तिने सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

मांडव भरलेला होता. लोकांनी तिला ओळखलं, कारण अर्ध्या लोकांना तिने कधी ना कधी तिकीट दिलेलं. ती साध्या पंजाबी ड्रेसवर आली, साउंडवाल्याला मोबाइल दिला, ठेका सुरू झाला. मागच्या बाजूच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती थोडा वेळ नुसतीच उभी राहिली आणि मग सुरू झाली. सगळं मला आठवत नाही, पण या चार ओळी आठवतात:

गठुडं वरतं, बकेट खाली, मधात बसली माय,
मी मन्लं, मावशी, कुठलं तिकीट? ते मने, जिथं काम हाय.
जिथं काम हाय ते गाव कोन्तं? नाव त सांग ना बाई,
ते मने, पोरी, मुकादमाले ठाऊक, मले मालूम नाई.

शिट्ट्या थांबल्या. दिवाळी झाली की आमच्या स्थानकावरून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला अशी कुटुंबं बसतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर. भांड्यांचं पोतं, गुंडाळलेली गोधडी, एखादं लेकरू कडेवर. ती गाडी भरताना आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. वैशाली त्या गाडीवर ड्युटीला असायची. मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतः त्या गाडीत बसलेले होते.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पेन थांबला होता.

परीक्षकांच्या टेबलामागे मी उभा होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. निवृत्त शिक्षक म्हणाले, “चांगलं आहे, पण ही गायन स्पर्धा आहे. वक्तृत्वाची नाही. सुराला मी शून्य दिलं आहे.” मंडळाच्या प्रमुखांनीही शून्य दिलं होतं. मास्तरांनी सुराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारली होती.

“हे काय?” शिक्षकांनी विचारलं.

“जे तिनं मांडलंच नाई, त्याचं शून्य कसं देऊ? भाकर वाढली तिनं. भात करपला म्हनून मार्क कापता येते का?”

“मास्तर, उद्या कोणीही येऊन बडबडेल. रागदारी शिकायला आपण आयुष्य घालवलं ते कशाला?”

“मलेबी हेच समजून राह्यलं नाई, सर,” मास्तर म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

रेघेचे गुण धरता येईनात. बेरीज जमेना. नियमाप्रमाणे वैशाली शेवटच्या काही जणांत गेली. पहिला नंबर एका गोड गळ्याच्या तरुणाचा आला आणि तो योग्यच होता, हे मास्तरांनी मला नंतर आवर्जून सांगितलं.

वैशाली मात्र दुखावली. दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना गाठलं. “बाकीच्याइचं मी समजू शकते. तुमी तर ऐकलं होतं मले. तुमी काहून नाई उठून बोलले? एवढं त म्हनाचं असतं का हे गानं हाये.”

“माहं ठरलं नव्हतं तर खोटं कसं बोलू?”

“मंग तुमच्यासाठी मी काय, तमाशा करून राह्यली होती का इतके दिवस?”

ती निघून गेली. नंतर बरेच दिवस ती ओट्यावर बसली नाही. ड्युटी संपली की थेट घर. मास्तर रोज फटीतून विचारायचे, “आली होती का?” मी नाही म्हणायचो. मला त्यांचा राग येत होता, खरं सांगायचं तर. एक शब्द बोलायला काय जात होतं?

एकदा मी तसं म्हणालो. ते म्हणाले, “भाऊ, तिच्या गान्यातली ते गाडी. ते मीच पुकारतो ना. इतकी वर्सं. पुने, नगर, सारी नावं सुरात सांगतो. अन् खाली गाडीत बसलेल्या बाईले आपन चाललो त्या गावाचं नाव माईत नाई. मले हे त्या पोरीनं सांगतलं तवा कळलं. आता याले मी मार्क देऊ का?”

त्या वर्षी दिवाळी झाली. पुण्याची गाडी लागली. माणसं चढायला लागली. मास्तरांनी गाडी पुकारली, आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. नियंत्रण कक्षाचं दार उघडून ते खाली फलाटावर गेले. मी खिडकीतून पाहत होतो. गाडीपाशी एक मुकादम उभा होता. मास्तरांनी त्याला विचारलं, कुठे नेता यांना? त्याने मोघम सांगितलं, तिकडे सांगलीकडे. मास्तर हलले नाहीत. “गाव सांगा. तालुका सांगा.” टोपी, गणवेश आणि तो भरदार आवाज बघून मुकादमाने गाव सांगितलं, तालुका सांगितला.

मग मास्तर गाडीच्या खिडकीशी गेले. आत एक बाई लेकरू घेऊन बसली होती. “माय, आयकलं का? गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा सांगली. म्हन बरं.” बाई लाजली. पदर तोंडाला लावला. “लाजू नको. म्हन.” बाईने म्हटलं. “पुन्हा म्हन.” बाईने पुन्हा म्हटलं. मागच्या बाकावरच्या दोघींनीही म्हटलं. हसत हसत म्हटलं, पण म्हटलं.

त्या दिवशी त्या गाडीवर कंडक्टर वैशाली होती. ती दारात उभी राहून हे बघत होती. गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी तिने घंटी मारली नाही. मास्तर खिडक्या संपवून दारापर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, “मास्तर, गाडी लेट होऊन राह्यली.”

“होऊ दे. मीच लिहिनार ना वेळ.”

ती हसली. कित्येक महिन्यांनी.

पुढे हे दरवर्षीचं झालं. हंगामात ज्या ज्या गाडीला अशी माणसं बसत, तिथे मास्तर खाली जात. काही मुकादम चिडायचे. एकाने वरच्या साहेबांकडे तक्रारही केली. साहेबांनी मास्तरांना बोलावून विचारलं, तर मास्तर म्हणाले, “प्रवाशाले गाव सांगनं माहं कामच हाये, साहेब.” साहेबांना यात काही गैर सापडलं नाही.

जयंतीच्या समितीने दुसऱ्या वर्षीपासून रॅपचा वेगळा विभाग ठेवला. मास्तरांना तिथे परीक्षक व्हा म्हणाले. त्यांनी नकार दिला. “तिथं मी पयल्या रांगेत बसून ऐकनार. मार्क दुसऱ्यानं द्या.” आणि खरंच पहिल्या रांगेत बसून ते बोटांवर मात्रा मोजत राहायचे, मधेच शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून म्हणायचे, “चुकवली! पाह्यली का, चुकवली!”

ते निवृत्त झाले आणि नागपूरला मुलीकडे गेले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भैरवी म्हटली, फार सुंदर म्हटली. वैशालीने रॅप म्हणावा असा सगळ्यांचा आग्रह होता, पण तिने म्हटला नाही. म्हणाली, भैरवीनंतर काही म्हणत नसतात, हे मास्तरांनीच शिकवलंय. नागपूरहून त्यांचे फोन यायचे. तिथल्या बागेत संध्याकाळी काही तरुण मंडळी रॅप करायला जमतात आणि हे काठी टेकून तिथे जाऊन बसतात, असं त्यांची मुलगी कौतुकाने आणि थोडी काळजीने सांगायची.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. हृदयविकाराने, दुपारच्या जेवणानंतर, खुर्चीत. आम्ही आगारातले काही जण नागपूरला जाऊन आलो. परतीच्या प्रवासात वैशाली माझ्या शेजारी बसली होती. कारंजा मागे पडल्यावर तिने मोबाइल काढला आणि म्हणाली, “भाऊ, एक ऐका.”

मास्तरांनी तिला महिनाभरापूर्वी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. ‘गठुडं वरतं, बकेट खाली’ ते स्वतः म्हणून बघत होते. मागे कुठलातरी ठेका चालू. पहिली ओळ नीट आली, दुसरीत ते मागे पडले, तिसरीत धाप लागली आणि तिथेच थांबून ते खळखळून हसायला लागले. मग दमलेल्या आवाजात: “बाई वं, यात दम कुठं घेतात?”

“तू काय सांगितलं?” मी विचारलं.

“म्या मन्लं, कुठंच घेत नाई, मास्तर. गोष्ट पुरी झाली का मंग घ्याचा.”

तिने त्यावर आलेला त्यांचा पुढचा निरोप लावला. थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. मागे नातवंडांची कसलीतरी भांडणं. मग ते म्हणाले, अगदी सावकाश, निकाल वाचून दाखवावा तसं:

“मंग हे माह्या वयाचं काम नाई. पन आयक. गानं हाये.”